‘तेव्हाच का नाही बोललीस?’ – बोलले होते की!

रेवाकाठची | सोमवार, रात्री १०:४०

नमस्कार. मी इथे बरीच वर्षं वाचनमात्र आहे. चार पाककृती सोडल्या तर काही लिहिलेलं नाही. आज लिहायला बसले, कारण परवा चैत्रगौरीच्या हळदीकुंकवात एका काकूंनी माझा हात हातात घेऊन अगदी मनापासून विचारलं, "एवढं सोसलंस गं, मग तेव्हाच का नाही बोललीस कोणापाशी?"

बोलले होते की! आणि ज्यांच्यापाशी बोलले होते त्यांत या काकूही होत्या.

आमचं इंदूरचं मराठी जग ते केवढंसं. रामबाग, लोकमान्य नगर, सुदामा नगर, टिळक नगर. गणेशोत्सवात, वधूवर मेळाव्यात, दिवाळी पहाटेला तेच ते चेहरे. माझा नवरा (आता पूर्वाश्रमीचा) त्या जगाचा लाडका. अथर्वशीर्ष खणखणीत म्हणणार, मांडवाची दोरी धरायला सगळ्यांत आधी हजर, कोणाच्या घरी मयत झालं तर रात्रभर बसून राहणार. असल्या माणसाबद्दल तोंड उघडायचं म्हणजे आपणच खोटे पडायचे.

मारहाणीचं वर्णन इथे करणार नाही. ते लोक चवीने वाचतात, हळहळतात आणि पुढच्या धाग्यावर जातात. मला लिहायचंय ते ज्यांनी ऐकलं त्यांच्याबद्दल.

आईला फोनवर सांगितलं. ती म्हणाली, "तापट आहे, पण मनाने वाईट नाही." बोट सुजलं तेव्हा फॅमिली डॉक्टरांकडे गेले. मी काही बोलायच्या आत त्यांनीच विचारलं, "दारात सापडलं का?" आणि माझं उत्तर यायच्या आधी तसं लिहूनही टाकलं. तो कागद अजून माझ्याकडे आहे. पुढे एकदा थान्यात गेले. कोणता थाना ते सोडून द्या. तिथला मुन्शी माझ्याकडे न बघता म्हणाला, "मैडम, पढ़ी-लिखी हो, घर की बात घर में सुलटा लो."

आणि मग बैठक. समाजातली वडीलधारी, मान असलेली माणसं आमच्या हॉलमध्ये जमली. पोहे मीच केले. डाव्या हाताला क्रेप बँडेज होतं, त्यामुळे कांदा धड चिरता येत नव्हता, जाडाभरडाच राहिला. वरून शेव, जिरावन, लिंबाची फोड, सगळं यथासांग. एकांनी बशी खाली ठेवता ठेवता म्हटलं, "पोहे फक्कड झालेत. मुलगी गुणी आहे, संसार करील." माझ्या बँडेजबद्दल कोणी अवाक्षर काढलं नाही. ठरलं काय, तर दोघांनी थोडं थोडं समजून घ्यायचं. तो काय समजून घेणार होता आणि मी काय, हे विचारायची सोय नव्हती, कारण तोवर चहा आला होता.

तेव्हा कृपा करून ‘मौन सोडा, बोलत्या व्हा’ हे बायकांना सांगू नका. बायका बोलतात. अर्धं बोलतात, आडून बोलतात, हसत हसत बोलतात, "यांचा हात जरा जड आहे" असं बोलतात. गप्प बसतो तो समोरचा.

मी बाहेर पडले ती शाळेतल्या एका सहकारी बाईंमुळे. त्यांनी धीर दिला नाही, सल्ला दिला नाही. स्टाफरूममध्ये कोणी नाही असं बघून एवढंच विचारलं, "आज रात्री घरी जायला भीती वाटते का?" दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच विचारलं. मग म्हणाल्या, "कागदपत्रं माझ्या कपाटात ठेव, किल्ली तुझ्याकडे राहू दे."

तुमच्यापैकी कोणाला कोणी असं काही सांगितलंय का? तुम्ही काय म्हणालात? किंवा तुम्ही सांगितलंत तेव्हा समोरचा काय म्हणाला? लिहा. नाव, पत्ता, कॉलनी नको.

मिरचीचंभजं | सोमवार, रात्री ११:०२

"दारात सापडलं का?" इथेच अडकले गं मी. माझ्या मावसबहिणीला डेंटिस्टने "बाथरूममध्ये घसरलात?" असं विचारलं होतं. या लोकांना उत्तरं आधीच कशी पाठ असतात?

सराफा_रात्रपाळी | सोमवार, रात्री ११:३०

ताई, लिहिलंत ते बरं केलंत. पण एक प्रामाणिक शंका. शेजारच्या फ्लॅटमधून आवाज येतात तेव्हा माझ्यासारख्याने नक्की काय करावं? मध्ये पडलो तर नवरा म्हणणार, "तुझा काय संबंध?" आणि दुसऱ्या दिवशी तीच बाई ओळख दाखवत नाही, हेही झालंय.

मिरचीचंभजं | सोमवार, रात्री ११:४१

बेल वाजवा. खरंच सांगते. २००८ मध्ये ‘बेल बजाओ’ नावाची मोहीमच झाली होती, टीव्हीवर जाहिराती यायच्या. आमच्या वाड्यातल्या आजींनी काही ती जाहिरात पाहिली नव्हती, पण त्यांची युक्ती तीच. वरच्या बिऱ्हाडात आवाज चढला की या वाटी घेऊन जिना चढणार आणि विरजण मागणार. रात्री साडेदहाला विरजण! त्या माणसालाही कळायचं की हिला विरजण नकोय. पण विरजण मागणाऱ्या म्हातारीवर ओरडणार कसा? विरजण आणायला बायको आत जाई, आजी दारातच फतकल मारून बसत आणि गुडघ्यांचं पुराण लावत. तासभर हलत नसत.

ती ओळख दाखवत नाही याचा राग धरू नका. तिला त्याच घरात राहायचं असतं ना.

वकीलीण | मंगळवार, सकाळी ७:१५

कोर्टात जायच्या आधी घाईघाईत लिहिते, चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

रेवाकाठची, तू थान्यापासून सुरुवात केलीस, बहुतेकजणी तेच करतात. थान्यात जाणं हा एकच रस्ता नाही, हे लोकांना माहीत नसतं. कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा २००५ चा, लागू झाला २६ ऑक्टोबर २००६ ला. तो मुळात दिवाणी स्वरूपाचा आहे. आधी एफआयआर करावीच लागते असं नाही. महिला व बालविकास खात्याच्या संरक्षण अधिकाऱ्याकडे जाऊन घडलेलं सांगायचं, तो घरगुती घटनेचा अहवाल तयार करतो, किंवा कलम १२ खाली सरळ मॅजिस्ट्रेटकडे अर्ज करायचा. त्याने मारू नये, ऑफिसात-शाळेत येऊन त्रास देऊ नये, घराबाहेर काढू नये, खर्चाला पैसे द्यावेत, मुलं तात्पुरती आईकडे राहावीत, हे सगळं एकाच अर्जात मागता येतं. तातडी असेल तर त्याचं म्हणणं ऐकायच्या आधीही अंतरिम आदेश होतो. कायद्यात पहिली तारीख साधारण ३ दिवसांत आणि निकाल ६० दिवसांत असं लिहिलंय. आमच्याकडे ६० दिवसांत काय होतं ते विचारू नका. पण अंतरिम आदेशाचा पाठपुरावा नेटाने केला तर तो मिळतो, आणि खरी निकड त्याचीच असते.

"घर सासऱ्यांच्या नावावर आहे, तुझा हक्क नाही" हे वाक्य मी आठवड्यातून एकदा तरी ऐकते. ऑक्टोबर २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सतीश आहुजा विरुद्ध स्नेहा आहुजा या खटल्यात स्पष्ट केलं की घर सासूसासऱ्यांच्या मालकीचं असलं, तरी सून तिथे संसार करून राहत असेल तर तिला राहण्याचा हक्क मागता येतो. मालकी वेगळी, राहण्याचा हक्क वेगळा.

वकिलाची फी हा प्रश्न असेल तर विधिक सेवा प्राधिकरणाकडे जा. १९८७ च्या कायद्याप्रमाणे स्त्रीला मोफत वकील मिळतो, तिचं उत्पन्न कितीही असो. फोन १५१००. आणि १८१ ही महिला हेल्पलाइन, रात्रीसुद्धा चालू. जीवावर बेतलं असेल तर सरळ ११२.

तटस्थ_निरीक्षक | मंगळवार, सकाळी ९:२०

नाण्याची दुसरी बाजूही यावी म्हणून लिहितो. ४९८अ चा (सासरच्या छळाविरुद्धच्या फौजदारी कलमाचा) किती गैरवापर होतो हे वकिलांना चांगलं माहीत असतं. माझ्या मित्राच्या सत्तर वर्षांच्या आईला थान्यात बसवून ठेवलं होतं. तिने काय केलं होतं? एकतर्फी धागे काढून समाजातली लग्नं मोडायची आहेत का?

वकीलीण | मंगळवार, दुपारी १:४०

निरीक्षक, मित्राच्या आईला त्रास झाला असेल, मी नाकारत नाही. खोट्या केसेस मी पाहिल्यात, दोन्हीकडून लढल्येही. पण तुम्ही सांगता ते दिवस सर्वोच्च न्यायालयाने २०१४ च्या अर्नेश कुमार निकालात बरेचसे संपवले. सात वर्षांपर्यंत शिक्षेच्या गुन्ह्यात सरसकट अटक नाही, आधी नोटीस, आणि अटक का केली ते पोलिसांनी लिहून द्यायचं. ४९८अ ची शिक्षा तीन वर्षांपर्यंत. १ जुलै २०२४ पासून तेच भारतीय न्याय संहितेचं कलम ८५ झालं.

आणि मी वर लिहिलं तो कायदा वेगळा. त्यात कोणी पहिल्याच दिवशी आत जात नाही. कोर्टाने ‘मारू नकोस’ म्हटल्यावरही मारलं, तर गुन्हा. वर्षभरापर्यंत कैद किंवा २० हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. ज्याला मारायचंच नाही त्याने या आदेशाला घाबरायचं कारण काय, हे मला कोणी अजून समजावून सांगितलेलं नाही.

रेवाकाठची | मंगळवार, दुपारी ३:०५

लग्नं धाग्याने मोडत नाहीत हो.

जिन्याखालचा | मंगळवार, रात्री ९:५०

मुलगा म्हणून लिहितो. वय आता पंचेचाळीस, मुंबईत असतो, लहानपण रामबागेत गेलं.

संध्याकाळ कशी जाणार ते मला बाबांच्या स्कूटरवरून कळायचं. सावकाश स्टँडवर चढली तर ठीक. खाडकन चढली की मी धाकटीला घेऊन जिन्याखाली जायचो, जिथे कोळशाची जुनी गोणी आणि आजोबांची मोडकी खुर्ची होती. तिथे तिला पाढे म्हणायला लावायचो, मोठ्याने. एकोणतिसाचा पाढा माझ्या बहिणीला आजही घडाघडा येतो. तिच्या नवऱ्याला त्याचं फार कौतुक वाटतं. तो कुठून आला ते तिने त्याला सांगितलेलं नाही.

आमच्या आईने कोणाला सांगितलं का? सांगायची गरजच नव्हती. वाड्यात सहा बिऱ्हाडं होती, भिंती काही किल्ल्याच्या नव्हत्या. आवाज थांबला की कोणीतरी रेडिओ लावायचं, बस्स. आई गेल्यावर तेराव्याला त्याच बिऱ्हाडांतल्या बायका म्हणाल्या, "फार सोशिक होती हो." मला ते कौतुक अंगावर धावून आल्यासारखं वाटलं. जेवणावर न बसता मी बाहेर जाऊन उभा राहिलो.

मुलांना काही कळत नाही असं समजणाऱ्यांसाठी हे लिहिलं.

मिरचीचंभजं | मंगळवार, रात्री १०:०४

जिन्याखालचा, काय लिहू. वाचलं, एवढंच.

आकडेमोड | मंगळवार, रात्री १०:३०

थोडं कोरडं लिहितो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाची पाचवी फेरी, २०१९-२१. लग्न झालेल्या १८ ते ४९ वयाच्या बायकांपैकी सुमारे २९ टक्के बायकांनी नवऱ्याकडून हिंसा झाल्याचं सांगितलं. आणि हिंसा सोसलेल्यांपैकी कोणाकडे तरी मदत मागितली ती फक्त १४ टक्के बायकांनी. धागाकर्तीचा ‘बायका बोलतात’ हा मुद्दा या आकड्यांत बसत नाही.

रेवाकाठची | मंगळवार, रात्री ११:१०

सर्वेक्षणवाली माझ्या घरी आली असती तर मी कोणत्या खान्यात गेले असते, सांगा बरं? फॉर्मवर ‘मदत मागितली का?’ असा प्रश्न असतो. मी काकूंना भाजीच्या गाडीवर म्हटलं होतं, "रात्रभर झोप नाही, यांचं डोकं फिरलं होतं, मान वळत नाहीये." ही मदत मागणं झालं का? मला तेव्हा विचारलं असतंत तर मीही ‘नाही’ म्हटलं असतं. आणि काकू म्हणाल्या होत्या, "ओवा घालून तेल गरम कर आणि चोळ."

आकडे खोटे नाहीत. ते मोजतात ती सरळ मागितलेली मदत. सरळ मागायची हिंमत यायच्या आधी बाई किती ठिकाणी आडून दार वाजवून बघते, ते मोजायला फॉर्म नाही.

बडोद्याची_सून | बुधवार, सकाळी ११:१५

आमच्या बडोद्याकडून थोडं वेगळं. गुजरातेत १८१ ला ‘अभयम्’ म्हणतात, २०१५ पासून राज्यभर आहे. नुसता फोन नाही, गाडी येते, तिच्यात समुपदेशक बाई आणि महिला पोलीस असते. आमच्या दांडिया बाजारच्या जुन्या वाड्यात आली होती तेव्हा अख्खी गल्ली गॅलरीत. ज्या घरी आली तिथली सासू आधी जाम भडकली, "आमच्या सात पिढ्यांत पोलीस आले नव्हते." समुपदेशक बाईने तिलाच आधी पाणी मागितलं, तिच्याजवळ बसली आणि विचारलं, "बा, तमारा पर कोईए हाथ उपाडेलो?" (तुमच्यावर कोणी हात उचलला होता का?) म्हातारी एकदम गप्प झाली आणि पदर तोंडाला लावून आत निघून गेली. पुढे सुनेच्या बाजूने जबाब द्यायला तीच आली.

सासवांना एका सुरात खलनायिका करू नका, एवढंच माझं म्हणणं. काहीजणी असतात, आहेतच. पण काहीजणींना आयुष्यात तो प्रश्न कोणी विचारलेलाच नसतो.

निवृत्त_मास्तर | बुधवार, दुपारी ४:२०

इंदूरकरांनी एक गोष्ट विसरू नये. शहाबानो आपल्याच गावच्या. नवरा नामांकित वकील. लग्न १९३२ चं. १९७५ मध्ये घराबाहेर काढलं, १९७८ मध्ये वयाच्या बासष्टाव्या वर्षी त्यांनी इथल्या कोर्टात पोटगीचा अर्ज केला. खालच्या कोर्टाने महिना २५ रुपये दिले, हायकोर्टाने १९८० मध्ये ते १७९ रुपये २० पैसे केले. नवरा त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेला आणि २३ एप्रिल १९८५ ला पाच न्यायाधीशांनी शहाबानोंच्या बाजूने निकाल दिला. पुढे समाजाचा दबाव इतका आला की जिंकलेला हक्क त्यांनी स्वतःच सोडला. देशाच्या सर्वांत मोठ्या कोर्टाने ऐकलं तरी मोहल्ल्याने ऐकायला हवंच असतं, हे त्यातून मला दिसतं.

तटस्थ_निरीक्षक | बुधवार, दुपारी ४:४५

मास्तर, ते ‘त्यांच्यात’. आपल्यात असले प्रकार नाहीत.

निवृत्त_मास्तर | बुधवार, सायंकाळी ६:००

निरीक्षकबुवा, ‘आपल्यात’ रखमाबाई होऊन गेल्या. लहानपणी लग्न लावून दिलं, मोठेपणी नांदायला जायला नकार दिला, म्हणून नवऱ्याने १८८४ मध्ये मुंबई हायकोर्टात दावा लावला. १८८७ मध्ये कोर्ट म्हणालं, नवऱ्याकडे जा नाहीतर तुरुंगात जा. त्या म्हणाल्या, तुरुंगात जाते. ‘केसरी’तून टिळकांनी त्यांच्याविरुद्ध लिहिलं. शेवटी १८८८ मध्ये पैसे देऊन तडजोड झाली, बाई विलायतेत जाऊन डॉक्टर झाल्या आणि निवृत्त होईपर्यंत सुरतेला, राजकोटला बायकांच्या रुग्णालयांत काम केलं. आणि हो, १८८५ मध्ये ‘टाइम्स ऑफ इंडिया’त त्यांनी आपली कैफियत मांडली ती ‘एक हिंदू स्त्री’ या टोपणनावाने. इथे ज्या लेकीबाळींना खऱ्या नावाने लिहायचा धीर होत नसेल, त्यांनी बिनदिक्कत टोपणनाव घ्यावं. जुनी रीत आहे.

मंडळाचा_माणूस | बुधवार, रात्री ९:३०

रेवाकाठची ताई, अशा बैठकांना मी जातो. तुमच्या घरी नव्हतो, पण जातो. आमची बाजू ऐका. लोक आमच्याकडे येतात कारण कोर्टात वर्षं जातात आणि मुलीचे आईवडील म्हणतात, "बभ्रा नको." हल्ली आम्ही एक नियम केलाय. बैठकीच्या आधी मंडळातल्या दोन बायका मुलीशी एकटीशी बोलतात, तिच्या माहेरी किंवा बाहेर कुठेतरी, सासरी नाही. ती म्हणाली मारतो, तर आम्ही समझौत्याच्या भानगडीत पडत नाही, वकिलाचा नंबर देतो. यात वाईट काय?

रेवाकाठची | बुधवार, रात्री १०:१५

नियम चांगला आहे, मनापासून सांगते. आमच्या वेळी असता तर बरं झालं असतं. पण ‘नंबर देतो’वर थांबू नका. नंबर माझ्याकडे पण होता, डाळीच्या डब्यात चिठ्ठी ठेवली होती. त्यानंतर तुमच्या मंडळात त्याचं काय होतं? पुढच्या गणपतीला आरतीचं ताट त्याच्याच हातात असतं ना? ती बाई ते बघते, तिची आई बघते, आणि जिच्या घरी आज हेच चाललंय तीही बघते. माझ्या घटस्फोटानंतर मला मंडळाच्या भोजनाचं बोलावणं येईना. त्याला येत होतं.

मंडळाचा_माणूस | बुधवार, रात्री १०:४०

याचं उत्तर माझ्याकडे नाही. कार्यकारिणीत विषय काढतो. भांडण होईल.

रेवाकाठची | बुधवार, रात्री १०:४२

होऊ द्या.

नाव_नको | गुरुवार, पहाटे १:२०

सगळे मारहाणीबद्दल लिहितायत. रात्रीबद्दल कोणी लिहीत नाही. नको म्हटलं तरी. ताप असला तरी. बाळंतपणाला महिना झालेला नसला तरी. याला काय म्हणायचं हेच मला कळत नव्हतं, कारण तो कधी हात उचलत नव्हता. आईला कसं सांगायचं? शब्दच नव्हते. डॉक्टरीणबाईंनी तपासताना विचारलं, "तुमच्या मर्जीने होतं ना?" मी ‘हो’ म्हटलं आणि घरी येऊन खूप रडले. पण तो प्रश्न डोक्यात राहिला. तीन वर्षांनी परत त्यांच्याकडेच जाऊन ‘नाही’ म्हटलं.

वकीलीण | गुरुवार, सकाळी ७:३०

नाव_नको, तू लिहिलंस ते फार महत्त्वाचं आहे. आपल्या कायद्यात पत्नी अठरा वर्षांवरची असेल तर नवऱ्याची जबरदस्ती अजूनही बलात्कार धरली जात नाही, नव्या संहितेतही तो अपवाद तसाच ठेवलाय. पण कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्यात कलम ३ मध्ये लैंगिक छळ स्वच्छ लिहिलेला आहे. त्यावर संरक्षण मागता येतं, वेगळं राहता येतं, खर्च मागता येतो. अर्जात ते लिहायला बायका लाजतात आणि काही वकील ‘कशाला ते’ म्हणून गाळतात. गाळू द्यायचं नाही.

तात्पुरती_आयडी | गुरुवार, दुपारी २:१०

हा धागा रोज वाचते. मी इंदूरचीच. माझे मिस्टर मारत नाहीत. नोकरी मी करते पण एटीएम कार्ड त्यांच्याकडे, पिन तेच बदलतात. बसच्या भाड्याला रोज सुटे देतात आणि संध्याकाळी हिशेब घेतात. समग्र आयडीत (आमच्या मध्य प्रदेशात सरकारी योजनांना लागते ती) सगळं त्यांच्या मोबाईल नंबरवर. लाडली बहनाचा (बायकांच्या खात्यात दरमहा पैसे देणारी राज्याची योजना) फॉर्म २०२३ मध्ये भरायचा म्हटलं तर "माझ्या घरात भीक नको" म्हणाले. माहेरी फोन स्पीकरवर करायचा. एकदा चपला लपवून ठेवल्या आणि मी शाळेत अनवाणी गेले, बायका समजल्या नवस आहे. हे ‘हिंसा’मध्ये मोजतं का? की मीच जास्त मनाला लावून घेते?

मिरचीचंभजं | गुरुवार, दुपारी २:१४

मोजतं गं बाई. मोजतं.

वकीलीण | गुरुवार, दुपारी २:५०

मोजतं. कायद्यात त्याला आर्थिक छळ म्हटलंय, त्याच कलम ३ मध्ये. तुझा पगार तुझ्याकडून काढून घेणं, खर्चाला न देणं, तुझ्या वस्तू दाबून ठेवणं, सगळं त्यात येतं. सारखा पाणउतारा करणं हेही स्वतंत्रपणे येतं. अंगावर वळ नाही म्हणून अर्ज फेटाळला जात नाही.

रेवाकाठची | गुरुवार, दुपारी ३:३०

ताई, आधी एक काम कर. हे वाचून झालं की मोबाईलची हिस्ट्री पूस. फोन त्यांच्या नावाचा किंवा त्यांच्या जीमेलला जोडलेला असेल तर इथे शाळेच्या कॉम्प्युटरवरून ये. लोकेशन शेअर चालू आहे का तेही बघ, पण घाईने बंद करू नकोस, अचानक बंद झालेलं त्यांना लगेच कळतं.

आणि ‘मी जाणार’ हे भांडणाच्या भरात कधीही बोलून दाखवू नकोस. मारत नसलेला माणूससुद्धा त्या दिवशी काय करील सांगता येत नाही. माझ्या बाबतीत सगळ्यांत वाईट दिवस तोच होता.

कागद हळूहळू बाहेर काढ. आधार, लग्नाचं सर्टिफिकेट, मुलांचे जन्मदाखले, तुझ्या मार्कशीट, पगाराच्या पावत्या. मूळ कागद एकदम गायब झाले तर लक्षात येतं, म्हणून आधी फोटो. फोटो स्वतःच्या नव्या मेलवर, आणि त्या मेलचा पासवर्ड मुलांच्या वाढदिवसाचा नको. बँकेत तू स्वतः जाऊन नवीन खातं उघडू शकतेस. पगार तिकडे वळवायचं शाळेला कधी सांगायचं ते वकिलाशी बोलून ठरव.

वकीलीण | गुरुवार, दुपारी ४:१०

रेवाकाठची म्हणते त्यात थोडी भर. शहरात वन स्टॉप सेंटर आहे, ‘सखी’ म्हणतात, २०१५ पासूनची केंद्राची योजना. एकाच छताखाली समुपदेशन, पोलीस, कायद्याची मदत, आणि गरज पडली तर पाच दिवसांपर्यंत राहायची सोय. पत्ता १८१ वर सांगतील. अर्ज तू सध्या जिथे राहतेस तिथल्या कोर्टात करता येतो. उद्या माहेरी देवासला किंवा उज्जैनला गेलीस तर तिथेही करता येईल, तात्पुरती राहत असलीस तरी. आणि कधी हात उचललाच तर खाजगी दवाखान्यात मलम लावून परत येऊ नकोस. सरकारी रुग्णालयात जा, कोणी मारलं ते नावानिशी सांग, एमएलसी (मेडिको-लीगल केस, म्हणजे कोर्टात चालणारी जखमांची नोंद) करायला लाव.

संपादक मंडळ | गुरुवार, सायंकाळी ५:००

तात्पुरती_आयडी यांच्या प्रतिसादातून शाळेचा परिसर आणि विषय हे दोन तपशील काढले आहेत. कोणीही त्यांना "कुठली शाळा, कोणाची सून" असे प्रश्न विचारू नयेत, खाजगी निरोपातही नाही. असे दोन निरोप आमच्यापर्यंत पोचले आहेत, संबंधित सदस्यांना समज दिली आहे. तटस्थ_निरीक्षक यांचा नवा प्रतिसाद अप्रकाशित केला आहे.

सराफा_रात्रपाळी | गुरुवार, रात्री ११:५५

आज वरच्या मजल्यावर आवाज आले. जाऊन बेल वाजवली. विरजण सुचलं नाही, वाय-फायचा पासवर्ड मागितला. त्याने दार अर्धंच उघडलं. मी म्हटलं, "भिया, आमचं नेट गेलं," आणि तिथेच उभा राहिलो. ती मागे दिसली. मी तिला म्हटलं, "वहिनी, आमची ही घरीच आहे, काही लागलं तर या." तो काही बोलला नाही. उद्या परत नेट जाणार आहे.

बडोद्याची_सून | शुक्रवार, सकाळी ८:३०

जाऊ दे, रोज जाऊ दे. पण एकटे जाऊ नका, बायकोला घेऊन जा, आणि आवाज फारच वाढला तर बेल नको, ११२.

तात्पुरती_आयडी | शुक्रवार, दुपारी १२:४०

शाळेच्या फोनवरून १५१०० ला बोलले. बाई नीट बोलल्या, मधे तोडलं नाही. सोमवारी मधल्या सुट्टीनंतर यायला सांगितलंय, अर्धी रजा टाकली आहे. एक विचारायचं होतं. माझे दागिने बँकेच्या लॉकरमध्ये आहेत, लॉकर दोघांच्या नावावर, किल्ली त्यांच्याकडे. सोनाराची बिलं आईच्या नावाची. चालतील का?

वकीलीण | शुक्रवार, दुपारी १:२०

चालतील. आईने लग्नात दिलेलं तुझं स्त्रीधन आहे, बिल तिच्या नावावर असणारच. सोबत लग्नातले असे फोटो शोध ज्यांत ते दागिने अंगावर दिसतात. वज्रटीक, पाटल्या, जे असेल ते. फोटोच्या मागे कोणता दागिना कोणाकडून ते पेन्सिलीने लिहून ठेव. कोर्ट स्त्रीधन परत करायचा आदेश देऊ शकतं, आणि कलम १८ खाली दोघांच्या नावचा लॉकर त्याने परस्पर उघडू नये असाही आदेश मागता येतो. सोमवारी जो वकील नेमून देतील त्याला हे आपणहून सांग, लॉकरचं पुष्कळदा राहून जातं. लॉकरचं भाडं कोणत्या खात्यातून कापतात?

तात्पुरती_आयडी | शुक्रवार, दुपारी १:२६

माझ्या पगाराच्या. पासबुक शाळेच्या कपाटात आहे.

वकीलीण | शुक्रवार, दुपारी १:३१

मग पहिल्या पानाचा आणि भाडं कापल्याच्या नोंदींचा फोटो काढ. मूळ पासबुक कपाटातच राहू दे, सोमवारी झेरॉक्स घेऊन जा, दोन प्रती.